मामांचा कापूस, वजनकाटा आणि सॉकेट



मागच्या लेखानंतर दहावी-बारावीच्या मुलामुलींकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "दादा, दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात म्हणजे नेमकं करतात काय?" प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तरही तसं साधंच आहे. बी.ई.ला आमच्याकडून नेटवर्कचे सातही थर पाठ करून घेतले होते, पण मुळात एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला "हॅलो" कसं म्हणतो हे कुणी पाच मिनिटांत करून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून आज तेवढंच बघू. उदाहरणं आमच्या आदिलाबादचीच येतील. पुण्या-हैदराबादच्या आणि परदेशातल्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सॉकेट म्हटलं की आपल्याला भिंतीतलं प्लगचं बटण आठवतं. कॉम्प्युटरमधला सॉकेटही कामाला तसाच. प्रोग्रॅम स्वतः वायरीत किंवा वायफायच्या लहरींत काही ढकलत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमला म्हणतो, मला एक सॉकेट दे. ती एक तोंड उघडून देते. त्या तोंडात प्रोग्रॅमने बाइट टाकायचे आणि तिथूनच आलेले बाइट काढून घ्यायचे. मधली सगळी यातायात ऑपरेटिंग सिस्टीम बघते. ही मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधून १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्सबरोबर बाहेर पडली. तुमच्या फोनमधलं यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप आणि रेल्वेचं तिकीट काढणारं अ‍ॅप आजही खाली याच पद्धतीने बोलतात. आमच्या धंद्यात चाळीस वर्षं टिकलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यातली ही एक.

पत्त्याचे दोन भाग असतात. आयपी पत्ता म्हणजे इमारतीचा पत्ता आणि पोर्ट नंबर म्हणजे फ्लॅटचा नंबर. एका कॉम्प्युटरवर एका वेळी पन्नास प्रोग्रॅम चालू असतात, तेव्हा आलेला निरोप कुणाच्या दारात टाकायचा हे पोर्ट नंबरवरून ठरतं. हे नंबर ६५,५३५ पर्यंत जातात. साध्या वेबसाइटसाठी ८० आणि कुलूपबंद म्हणजे सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३ हे ठरलेले आहेत. १०२४ च्या खालचे नंबर अशाच मान्यवरांसाठी राखीव मानतात, त्यामुळे घरच्या प्रयोगाला ५०५० सारखा एखादा मोकळा नंबर घ्यावा.

बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला आधी येऊन बसावं लागतं. त्याला सर्व्हर म्हणतात. तो सॉकेट मागतो, बाइंड करून पत्ता आणि पोर्ट आपल्या नावावर करतो, लिसन म्हणजे कान उघडे ठेवतो आणि अ‍ॅक्सेप्ट म्हणून वाट बघत थांबतो. दुसरा, म्हणजे क्लायंट, फक्त सॉकेट घेऊन कनेक्ट म्हणतो. यातली अ‍ॅक्सेप्टची गंमत मुलांच्या लवकर लक्षात येत नाही. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात दारात एक मामा उभे असतात. पाहुणा आला की ते हात जोडतात, जवळच्या एखाद्या पोराला हाक मारतात, "यांना आत घेऊन जा, पाणी दे," आणि स्वतः दारातच राहतात. पाहुण्याची पुढची सगळी बडदास्त त्या पोराकडे. अ‍ॅक्सेप्ट तसंच करतं. दारातला सॉकेट दारातच राहतो आणि आलेल्या प्रत्येकासाठी एक नवा सॉकेट हातात मिळतो. बोलणं त्या नव्या सॉकेटवर करायचं. दारातल्या मामांनाच पंगतीत वाढायला लावलं तर पुढचे पाहुणे बाहेर ताटकळतात.

कनेक्ट म्हटल्यावर आत एक छोटा संवाद होतो. क्लायंट म्हणतो, "बोलायचं आहे." सर्व्हर म्हणतो, "ऐकलं, मलाही बोलायचं आहे." क्लायंट म्हणतो, "ठीक, तुझंही ऐकलं." याला तीन टप्प्यांचं हस्तांदोलन म्हणतात. तिसरा निरोप कशाला, असं बरेच जण विचारतात. तो नसेल तर सर्व्हरला आपलं उत्तर पोचलं की वाटेत हरवलं हे कळणारच नाही.

आदिलाबादहून मुदखेडला गाडीने गेलेल्यांना हा मार्ग एकेरी आहे हे माहीत आहे. एकच रूळ, त्यावरूनच जाणारी आणि येणारी. अशा मार्गावर स्टेशनमास्तर गाडी मनाने सोडत नाही. पुढच्या स्टेशनला विचारतो, लाइन मोकळी आहे का. पुढचा मास्तर बघून "लाइन क्लिअर" देतो. तोंडी देवाणघेवाण करायची वेळ आली तर त्यासोबत एक खासगी नंबर सांगतो आणि तो दोन्हीकडच्या वहीत चढतो, म्हणजे "तू बोललाच नव्हतास" म्हणायची सोय राहत नाही. जुन्या काळी अशा मार्गांवर वेताच्या कड्याला अडकवलेली पिशवी ड्रायव्हरच्या हातात दिली जायची आणि तिच्यात गोळ्यासारखं टोकन असायचं. दोन स्टेशनांची यंत्रं अशी जोडलेली की एका वेळी एकच टोकन बाहेर निघेल. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली टीसीपीचा आराखडा छापला, त्याच्या कितीतरी आधीपासून रेल्वेवाले विचारा, उत्तर घ्या आणि नोंद ठेवा या शिस्तीने जगत होते.

आता खरा घोळ कुठे होतो ते सांगतो. टीसीपी सॉकेट दोन वचनं देतो. पाठवलेले बाइट पोचतील आणि पाठवले त्याच क्रमाने पोचतील. (तार तुटली तर तसं कळवेल, हे त्यातच आलं.) तिसरं वचन तो देत नाही, पण नव्या प्रोग्रॅमरला ते दिल्यासारखं वाटतं. ते म्हणजे, मी तीनदा पाठवलं तर समोरच्याला तीनदाच मिळेल. तसं नसतं. टीसीपी हा पाण्याचा पाट आहे. तुम्ही तीन बादल्या ओतल्या तरी खालच्या माणसाला पाणीच दिसतं, बादल्या दिसत नाहीत. त्याला एका घोटात दीड बादली मिळेल, पुढच्या घोटात उरलेली दीड. निरोप कुठे संपला हे तुम्हालाच खूण करून सांगावं लागतं. प्रत्येक निरोपाच्या शेवटी नवी ओळ टाका, नाहीतर आधी लांबी सांगा आणि मग मजकूर पाठवा.

ही पुस्तकी गोष्ट वाटत असेल तर गेल्या हंगामातला प्रसंग ऐका. माझे मामा बेला मंडलात कापूस करतात. पाऊस लांबला, वेचणीला मजूर मिळेनात, कसाबसा माल घरात आला. ओल जास्त भरली तर भाव कापतात म्हणून मामीने दोन दिवस अंगणात कापूस उन्हात पसरला. मग ट्रॅक्टरची ट्रॉली भरून ते एका जिनिंगवर गेले. रांग लागली, काट्यावर चढले. बाहेरच्या लाल आकड्यांच्या पाटीवर ४,८६० किलो दिसलं. आतून हातात आलेल्या कागदावर ४,६२०. मामांनी मला फोन लावला. "भाचा, बाहेर ४,८६० दिसत होतं, मंग कागदावर ४,६२० काहून?"

दोनशे चाळीस किलो, म्हणजे २.४ क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. गुणाकार करा, १९,४६४ रुपये होतात. एका मुलाची वर्षाची फी तेवढी असते. मामांचा आवाज चढला होता आणि मागच्या रांगेतले शेतकरीही गोळा झाले होते. "काटा मारला" हा संशय आमच्या भागात नवा नाही, आणि तो कुणाच्या मनात आला तर त्याला दोषही देता येत नाही. मी गावातच होतो, गाडी काढून गेलो. तिथल्या मॅनेजरने तोवर ट्रॉली पुन्हा काट्यावर घेऊन कागद दुरुस्त करून दिला होता. पण ४,६२० आलं कुठून, हे कुणी सांगू शकत नव्हतं. वहीत वर बघितलं तर मामांच्या आधी गेलेल्या ट्रॉलीचं वजन बरोबर ४,६२० होतं.

काट्याच्या यंत्राला वजन दाखवणारा एक डबा असतो. तो दर सेकंदाला दहा वेळा वजन ओरडत असतो. पूर्वी हे ओरडणं आरएस-२३२ नावाच्या जाड केबलने थेट कॉम्प्युटरला जायचं. इथे मध्ये एक लहानशी पेटी बसवून ते नेटवर्कवर टाकलं होतं, आणि ऑफिसमधला प्रोग्रॅम सॉकेट उघडून ते ऐकत होता. प्रत्येक वजन म्हणजे सहा आकडे आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा, असे आठ बाइट. कारकुनाने सहज सांगितलं, "सर, कधीकधी मागेपुढे दाखवते. बंद करून चालू केलं की बरोबर होते." या वाक्याने निम्मं काम केलं. बंद करून चालू केल्यावर बरं होणारं दुखणं बहुधा कुठेतरी साचलेल्या गोष्टीचं असतं.

प्रोग्रॅम आपली एक नोंदवही फाइलमध्ये लिहीत होता. ती उघडून मोजलं. यंत्र सेकंदाला दहा वजनं पाठवत होतं आणि प्रोग्रॅम आठच वाचत होता, कारण प्रत्येक वजनाला तो आधी स्क्रीन रंगवायचा, मग फाइलमध्ये लिहायचा आणि मगच पुढचं वाचायला जायचा. उरलेली दोन कुठे जात होती? कुठेच नाही. टीसीपीने पोचवण्याचं वचन दिलेलं असतं, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम ती बफरमध्ये, म्हणजे कोठीत, नीट रचून ठेवत होती. दर सेकंदाला दोन वजनं मागे राहिली की प्रोग्रॅम दर सेकंदाला ०.२ सेकंद मागे पडतो. चालू करून दहा मिनिटं झाली की स्क्रीनवर दोन मिनिटांपूर्वीचं वजन दिसतं. तासाभरात ७,२०० वजनं कोठीत जमतात. म्हणजे ५७,६०० बाइट, आणि ६४ किलोबाइटच्या बफरमध्ये ते आरामात मावतात. तेव्हा स्क्रीन तब्बल १२ मिनिटं मागे असते. रांग चालू असताना दोन मिनिटांत ट्रॉली बदलते. मामांची ट्रॉली काट्यावर होती आणि आतल्या स्क्रीनवर आधीची ट्रॉली अजून स्थिर उभी होती. बसल्या जागेवरून कारकुनाला बाहेरची पाटी दिसत नव्हती. त्याने स्थिर आकडा बघून बटण दाबलं.

यात कुणी चोरी केली नव्हती. यंत्र बरोबर होतं, काटा बरोबर होता, नेटवर्कने एकही आकडा हरवला नव्हता. आणि तरीही मामांनी पाटीकडे बघितलं नसतं तर १९,४६४ रुपये गेले असते. आधीची ट्रॉली जड असती तर जिनिंगवाल्याचे गेले असते, हेही खरं. त्या दिवशी तोच प्रोग्रॅम सकाळपासून किती कागद छापत होता याचा विचार करून मला जरा कसंतरीच झालं. मॅनेजरने वहीतली त्या दिवसाची वजनं नोंदवहीशी ताडून बघायला माणूस बसवला, ते मला आवडलं.

उपाय अवघड नाही. वाचायचं काम वेगळ्या धाग्याकडे, म्हणजे थ्रेडकडे द्यायचं. त्याने कोठीत आलेलं सगळं भराभर उपसायचं आणि ताजं एकच वजन हातात ठेवायचं, जुनी टाकून द्यायची. स्क्रीन रंगवणाऱ्याने फक्त त्या ताज्याकडे बघायचं. उपसताना बादल्यांचं भान मात्र हवं. ००४८६० पैकी ००४८ एका घोटात आलं आणि ६० पुढच्या घोटात, तर घाईत वाचणारा प्रोग्रॅम ४८ किलोची ट्रॉली दाखवेल. म्हणून ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत आकडा खरा मानायचा नाही. ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला त्यांना मी हे मेलने कळवलं आणि त्यांनी आठवड्याभरात बदल करून दिला. माझं मत विचाराल तर अशा ठिकाणी सतत ओरडणाऱ्या यंत्रापेक्षा विचारल्यावरच बोलणारं यंत्र बरं. बटण दाबलं की विचार, "आत्ता किती?" आणि आलेलं उत्तर छाप. बरेच काटे असंही बोलतात, फक्त सेटिंग बदलावं लागतं.

आकड्यांचं झालं. आपल्या भाषेचं काय? इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीचं तसं नाही. आज सगळीकडे वापरतात ती यूटीएफ-८ पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. "नमस्कार" म्हणजे न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं, एकवीस बाइट. तेलुगूलाही तीनच. तिथे शेवटी अनुस्वार वाढतो म्हणून चोवीस.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक लिपी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात गोंडीची जुनी हस्तलिखितं मिळाली. हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांनी त्यांचा पाठपुरावा केला. २०१८ साली युनिकोडच्या ११.० आवृत्तीत "गुंजाला गोंडी" या नावाने ती लिपी दाखल झाली. एका खेड्याचं नाव जगातल्या प्रत्येक नव्या कॉम्प्युटरच्या कोष्टकात बसलं. या लिपीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात, इमोजीला लागतात तेवढेच.

आता सॉकेटमधून वाचताना शिकवणीच्या उदाहरणांत हमखास १०२४ हा आकडा असतो, म्हणजे "एका वेळी जास्तीत जास्त १०२४ बाइट दे." इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. मराठीत १०२४ ला तीनने भाग जात नाही. ३४१ चिन्हं होतात आणि एक बाइट उरतो, पुढच्या अक्षराचा तिसरा हिस्सा. तो एकटा वाचायला गेलं तर प्रोग्रॅम रुसतो नाहीतर चौकोनी ठोकळा किंवा प्रश्नचिन्ह दाखवतो. एखाद्या लांबलचक मराठी मेसेजमध्ये मध्येच असा ठोकळा आला की आपण "फॉण्ट गेला" म्हणतो. पुष्कळदा फॉण्ट जागेवर असतो, अक्षर मधूनच कापलं गेलेलं असतं. औषध तेच. आधी पूर्ण निरोप गोळा करा, मग अक्षरांत बदला. आणि लांबी मोजून पाठवणार असाल तर बाइटांची मोजा, अक्षरांची नको. "नमस्कार"ची लांबी सात सांगितली तर समोरच्याला "नम" आणि त्यावर एक बाइट मिळेल.

राहता राहिली पोचपावती. सेंड यशस्वी झालं म्हणजे तुमचे बाइट तुमच्याच ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोठीत गेले, एवढंच. टीसीपीची आतली पावतीही समोरच्या ऑपरेटिंग सिस्टीमची असते, समोरच्या प्रोग्रॅमने वाचलं याची नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपला आपल्या वेगळ्या खुणा कराव्या लागल्या. एक टिक म्हणजे संदेश निघाला, दोन म्हणजे फोनवर पोचला, निळ्या म्हणजे वाचला. पैशांच्या व्यवहारात प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक देतात तोही याचसाठी. उत्तर वाटेत हरवलं आणि फोनने पुन्हा विचारलं, तर सर्व्हर क्रमांक बघून म्हणतो, "हे झालेलं आहे," आणि पैसे दोनदा कापत नाही.

आता घरी करून बघा. लॅपटॉपवर पायथन असलं की पुरे. दोन खिडक्या उघडा, एकीत सर्व्हर, दुसरीत क्लायंट. पत्ता १२७.०.०.१ द्या (टाइप करताना इंग्रजी आकड्यांत). हा पत्ता म्हणजे "मी स्वतःच", त्यामुळे इंटरनेट नसलं तरी चालतं. क्लायंटमधून "नमस्कार" पाठवा आणि सर्व्हरने तो तसाच परत पाठवावा. जमलं की एका वेळी फक्त चार बाइट वाचून बघा आणि प्रत्येक तुकडा लगेच अक्षरांत बदलायचा प्रयत्न करा. काय बिघडतं ते लिहून ठेवा. मग घरातला दुसरा लॅपटॉप त्याच वायफायवर घेऊन पहिल्याचा आयपी पत्ता द्या. जोडणी झाली नाही तर आधी फायरवॉल बघा, आणि सर्व्हर १२७.०.०.१ वरच बसून राहिला नाही ना तेही बघा, कारण तिथे बसलेल्याला बाहेरची हाक ऐकू जात नाही. असा साधा सॉकेट मजकूर झाकत नाही, त्यामुळे पासवर्ड वगैरे काही त्यावरून पाठवू नका.

आणि बारावीच्या मुलांसाठी एक जास्तीचं. क्लायंटमधून सेकंदाला दहा आकडे पाठवा, सर्व्हर सेकंदाला आठच वाचेल असं करा, आणि पंधरा मिनिटांनी सर्व्हर किती मागे आहे ते घड्याळ लावून मोजा. माझ्या हिशेबाने तीन मिनिटं यायला हवीत. वेगळं आलं तर किती आलं ते मंडळाच्या पत्त्यावर कळवा, पुढच्या अंकात नावासह देऊ.